हायत की

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावच्या ग्रामपंचायतीतल्या मुलाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कोपरा दुमडलेला, मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला कागद आणि त्यावर निळ्या शाईने भरलेले रकाने. खाली प्रश्न : ‘दादा, हे अक्षर तुमचं ना? नवीन नोंदवही टाइप करतोय. हेच टाकू का?’ अक्षर माझंच होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मला का बोलवत, ते त्या वेलांट्यांवरून अजून कळतं. स्थानिक नाव : किरवं. अधिवास : शेताचे बांध, वहाळ. उपयोग : खाद्य. सद्यस्थिती : मुबलक. किरवं म्हणजे आमच्याकडचा शेतातला खेकडा. मी ‘हो, टाक’ असं लिहिलं, पण अंगठा पाठवायच्या बाणावर गेला आणि तिथेच थांबला. कारण पंधराच दिवसांपूर्वी मी गावी होतो, पाऊस चांगला लागला होता, आणि काकीला मोठ्या अपेक्षेने म्हटलं होतं, ‘किरव्यांचं कालवण कर की.’ ती हसली आणि तिने अंड्यांचं कालवण केलं.

‘नाहीत’ असं ती म्हणाली नव्हती. ‘कोण आणणार आता?’ इतकंच म्हणाली होती.

तो कागद भरला तो २०२०च्या जानेवारीत. ज्यांच्या गावात ही धावपळ झाली त्यांना आठवत असेल. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावाने आपल्या हद्दीतलं झाड, पाखरू, मासा, किडा, बियाणं सगळं आपल्या शब्दांत लिहून ठेवायचं. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात रुजवलेली ही कल्पना पुढे २००२च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत आली आणि तिथून बरीच वर्षं फायलींमध्ये पडून राहिली. मग हरित लवादाने सांगितलं की ३१ जानेवारी २०२०पर्यंत सगळ्या नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा १० लाख रुपये भरावेत. जे काम पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं वर्षभर बसून, फिरून, भांडून करायचं, ते तीन आठवड्यांवर आलं. मी चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस गावी गेलो होतो. माझं अक्षर बरं आणि मी ‘पुण्यात शिकलेला’, एवढ्या भांडवलावर माझ्या हातात फॉर्म आले.

झाडं भराभर झाली. पक्षीही झाले, कारण शाळेतल्या गुरुजींना नाद होता. सस्तन प्राण्यांत बिबट्याच्या नावावर सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, आणि त्याला ‘दुर्मिळ’ म्हणावं की ‘फार झालेत’ यावर अर्धा तास गेला. मग उरलं ते पान. छापील शीर्षक काहीतरी भारदस्त होतं, पण बैठकीत सगळे त्याला ‘किडामुंगीचं पान’ म्हणत होते. तोवर चहा झाला होता, माणसं उठायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, ‘हे तू घरी भर रे, काकीला विचारून.’

काकी पडवीत पावटा सोलत बसली होती. तिचं माहेर खाडीपट्ट्यातलं आणि सासर हे, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पायथ्याचं. त्यामुळे बिनहाडाच्या जगाची तिला दुहेरी ओळख. मी एकेक नाव घ्यायला लागलो तर तिने मला थांबवलं आणि आपल्या पद्धतीने सांगायला लागली. पद्धत अशी की हात कुठे घालावा लागतो. तिसऱ्या चिखलात बोटं घालून काढायच्या. कालवं ओहोटीला खडकावरून टोचून काढायची, तिथे तळवा कापल्याशिवाय राहत नाही. चिंबोरी खाडीची, तिच्या पुढ्यात हात न्यायचाच नाही, मागून धरायची. किरवं शेताचं, बिळात कोपरापर्यंत हात. ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, आंब्यावरची, तिथे हात वर आणि नंतर सगळ्या अंगाला. ‘आणि गोगलगाय?’ मी विचारलं. ‘तिला कोण हात लावतंय,’ असं म्हणून तिने एक अख्खा वर्ग निकालात काढला.

त्या वेळी मला ते गमतीचं वाटलं होतं. नंतर चरकसंहितेतलं प्राण्यांचं वर्गीकरण वाचनात आलं आणि काकी आठवली. तिथे मांसाचे गुण सांगताना प्राणी आठ गटांत घातलेत, तेही ते कुठे राहतात आणि कसे खातात यावरून. ओरबाडून खाणारे प्रसह, बिळात राहणारे भूमिशय, पाणथळीतले आनूप, पाण्यात राहणारे वारिशय, उकरून टिपणारे विष्किर, चोचीने टोचणारे प्रतुद. त्यातल्या वारिशयांत मासा, कासव, शंख, शिंपली यांच्या पंगतीला कर्कटक, म्हणजे आपला खेकडा, बसलाय. काकीने त्यावर नक्की हरकत घेतली असती. शेतातलं किरवं वर्षाचे सात-आठ महिने बिळातच असतं, मग ते भूमिशय का नाही? उलट स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने अठराव्या शतकात सगळ्या प्राणिसृष्टीचे सहा वर्ग केले, त्यातले चार कणा असलेल्यांना दिले आणि उरलेल्या अवाढव्य गर्दीला दोनच : कीटक आणि कृमी. ‘अपृष्ठवंशी’ हा शब्दसुद्धा पाहा. यांच्याजवळ जे नाही त्यावरून आपण यांना नाव दिलं. घरात येणाऱ्या माणसाची ओळख ‘हा तो, ज्याला मोटार नाही’ अशी करून द्यावी, तसं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४मध्ये देशातल्या प्राण्यांची यादी जाहीर केली तेव्हा आकडा होता १ लाख ४ हजार ५६१. त्यात वाघ, हत्ती, मोर, नाग, बेडूक, मासे धरून कणा असलेले मूठभर. बाकी सगळं किडामुंगीचं पान.

पडवीत मात्र गाडी दुसऱ्या रकान्यावर अडली होती. मी विचारलं, ‘किरव्याचा उपयोग?’ काकी म्हणाली, ‘कुजका पाला. गवताच्या मुळ्या. मेलेलं काय आसंल ता. भाताची कवळी रोपापन तोडता मेला.’ मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की किरवं काय काय उपयोगात आणतं, ते ती सांगत होती. मी म्हटलं, ‘तसं नाही काकी, आपल्याला त्याचा उपयोग काय?’ ‘मग तसा इचार ना. कालवन.’ मी लिहिलं : खाद्य. पाला, मुळ्या, मेलेलं, रोपं यांतलं एक अक्षरही कागदावर गेलं नाही. त्याला रकाना नव्हता.

मग शेवटचा रकाना. ‘काकी, कमी झालीत का किरवी?’ शेंगेतून दाणे काढता काढता, मान वर न करता ती म्हणाली, ‘हायत की.’

मी लिहिलं : मुबलक.

आता त्या फोटोकडे बघताना माझ्या मनात सलत होतं ते हे. ‘हायत की’ या दोन शब्दांचं सरकारी भाषांतर मी स्वतःच्या जबाबदारीवर करून टाकलं होतं. कोकणात ‘हायत की’ याचे किती अर्थ होतात! पाहुण्याने विचारलं, ‘मुलं मुंबईला मजेत ना?’ तर ‘हायत की.’ म्हाताऱ्याला विचारलं, ‘गुडघे कसे?’ तर ‘हायत की.’ आहेत, संपलेले नाहीत, आणखी खोलात शिरू नकोस. शिवाय जानेवारी होता. शेतं भेगाळलेली, वहाळ आटलेला, किरवी बिळात खोल ओलाव्याला जाऊन बसलेली. त्या वेळी गावात कुणालाच ती किती आहेत ते दिसत नव्हतं. मी विचारलं ते चुकीच्या ऋतूत.

मला स्वतःला किरवी माहीत होती ती काकांच्या मागे पिशवी धरून चालताना. पहिला मोठा पाऊस, मृगाचा, दिवसभर ओतून संध्याकाळी थांबलेला. जमिनीतून वाफ आणि शेवाळाचा वास. बेडकांचा इतका गलका की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागे. काकांच्या डाव्या हातात गॅसबत्ती, तिचा सूं आवाज आणि तिच्यावर झेपावणारी पाखरं. उजेड पडला की किरवं जागच्या जागी थिजतं, नांग्या उगारून. काका पायाने त्याला अलगद चिखलात दाबायचे, मग पाठीमागून अंगठा आणि तर्जनी, आणि ते माझ्या गोणपाटात. तो आवाज अजून कानात आहे : ओल्या गोणपाटाला आतून घासणाऱ्या शेकडो पायांचा, जणू कुणी अंधारात कागद चुरगाळतंय. मला भीती वाटायची आणि गोणपाट जड होईल तसा अभिमानही. घरी आल्यावर काकी निखाऱ्याच्या उजेडात बसून नांग्या वेगळ्या करायची, बारीक पाय पाट्यावर ठेचून त्यांचा रस फडक्यातून गाळायची, तो रस कालवणात. अवसेजवळची किरवी भरलेली, पुनवेची पोकळ, हा तिचा सिद्धान्त. आणि एखाद्या मादीच्या पोटाची झापड उघडल्यावर आत तांदळाएवढी पिल्लं वळवळताना दिसली तर ती मला म्हणायची, ‘जा, परड्यात सोडून ये.’ ही दया होती की त्या पिल्लांची तिला किळस येत होती, हे मला कधी नक्की कळलं नाही. लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेल्या मादीबद्दल तिला अजिबात दया येत नसे.

त्या झापडीतल्या पिल्लांचं महत्त्व मला फार उशिरा समजलं. खाडीची चिंबोरी आपली पिल्लं अतिसूक्ष्म रूपात पाण्यावर सोडून देते; भरती-ओहोटी त्यांना कुठल्या कुठे नेते. गोड्या पाण्याच्या खेकड्यात ती अवस्थाच नाही. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा बाहेर येतो, काही दिवस आईच्या पोटाशी राहतो आणि मग तिथेच, त्याच वहाळात, त्याच बांधाच्या आसपास आयुष्य काढतो. दूर जाणं नाहीच. त्यामुळे सह्याद्रीत एका खोऱ्यातला खेकडा दुसऱ्या खोऱ्यातल्याला पिढ्यान्‌पिढ्या भेटत नाही आणि हळूहळू वेगळाच होऊन बसतो. २०१४मध्ये ‘घाटियाना’ अशी नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा अख्खा गटच, वैज्ञानिकांनी मांडली, आपल्या घाटावरून नाव दिलेली. २०१६मध्ये आणखी पाच नव्या जाती जगाला कळल्या, त्यातली एक आमच्याच जिल्ह्यातल्या रघुवीर घाटातली. आणखी एकीचं नाव ‘ॲट्रोपर्प्युरिया’, म्हणजे गर्द जांभळी. रघुवीर घाटात मी कॉलेजच्या मुलांबरोबर किती वेळा धबधब्याखाली नाचलोय. पायाखाली कोण होतं याचा पत्ता नाही.

आमच्या बांधावरच्या मोठ्या किरव्यासारख्या एका जातीचं शास्त्रीय नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि सशाचं बीळही. १८३६मध्ये वेस्टवुड नावाच्या इंग्रजाने हे नामकरण केलं, आणि ते छापून आलं कर्नल साइक्सच्या दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांविषयीच्या लेखात. कंपनी सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरणारा हा माणूस. शेतं, माणसं, जनावरं मोजता मोजता त्याने खेकडेही टिपले. म्हणजे आमच्या बांधावर रकाने घेऊन येणारा मी काही पहिला नव्हे.

जागतिक पातळीवर २००९मध्ये गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पहिली मोठी मोजदाद झाली. १२८० जातींची तपासणी झाली, त्यातल्या ६२८ जातींपुढे शेवटच्या रकान्यात लिहावं लागलं : माहिती अपुरी. जवळजवळ निम्म्या. कुठली जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत हा एक अधिकृत वर्ग आहे आणि मला तो फार प्रामाणिक वाटतो. संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, चिंता नसलेले, यांच्या ओळीत एक खुर्ची ‘आम्ही नीट पाहिलेलं नाही’ या उत्तरासाठी ठेवलेली. त्या खुर्चीच्याही आधी आणखी एक आहे, ‘मूल्यमापनच झालेलं नाही’, आणि जगातले बहुतेक कीटक तिथे उभे आहेत. आमच्या फॉर्मवर या दोन्ही खुर्च्या नव्हत्या, की मला त्या दिसल्या नाहीत? घाईत माणसाला जे शब्द आधी सुचतात ते तिथे लिहिले गेले : मुबलक, मध्यम, दुर्मिळ. जणू बाजारभाव.

त्याच पानावर काजवाही होता. अधिवास : झाडं, सादडा, हिरडा, उंबर. उपयोग : —. ती आडवी रेघ मी मारली होती. काजव्याच्या अळ्या ओल्या जमिनीत राहून गोगलगायींवर जगतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कुठल्या रकान्यात लिहिणार? आता मे संपता संपता भंडारदऱ्याकडे, पुरुषवाडीला, राजमाचीला काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइटच्या झोतात अंधार शोधत. नवी नोंदवही भरणारा बहुधा उपयोगापुढे ‘पर्यटन’ लिहील. रेघेपेक्षा ते बरं की वाईट, ठरवता येत नाही. आणि गोगलगाय, जिला काकीने हातही लावला नव्हता, तिने २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी पिकं रातोरात फस्त केली. तिकडचा एक मित्र फोनवर सांगत होता : संध्याकाळी शेतात ओली पोती अंथरायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हाताने वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बादल्याच्या बादल्या. तो म्हणाला, ‘पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मोजायला लागलो.’ तिथल्या शेवटच्या रकान्यात ‘मुबलक’ लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि कुणालाच आनंद झाला नसता.

एकच जीव तीन घरांत तीन नावांनी नोंदला जातो. काकीला किरवं म्हणजे कालवण. काकांना ते बांधाला भोक पाडून पाणी वाया घालवणारं संकट. लावणीनंतर सकाळी खाचर रिकामं दिसलं की त्यांच्या तोंडून किरव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई, आणि रात्री तेच चवीने नांगी चोखत. लाल यादीत ती ‘चिंता नसलेली’ जात. तिघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून माझी अडचण वाढते.

मग किरवी कमी झाली का? मी त्या रात्री पुण्यात बसून गणित मांडून पाहिलं. आमच्या खालच्या मळ्यातली अर्धी खाचरं आता पडीक आहेत. मुलं मुंबईत, बैल विकले. बांध कुणी घालत नाही, ते पावसागणिक वितळतात. बांध नाही तर बीळ नाही. जी शेतं पिकतात तिथे तणनाशक येतं. वर सड्यावर चिरेखाण झाली. जांभा कापून नेलेल्या चौकोनी खड्ड्यांत पाणी साठतं खरं, पण ज्या सपाट कातळावरच्या डबक्यांत पूर्वी पावसाचे चार महिने एक वेगळंच जग नांदायचं, तो कातळ ट्रकमधून गेला. दुसरीकडे, रात्री बत्ती घेऊन जाणारे काका गेले आणि त्यांच्या वयाचे बरेच जण गेले. पकडणारेच नाहीत, तर काकीच्या पातेल्यात किरवी येणार कुठून? पातेलं रिकामं याचा अर्थ बांध रिकामा असा होत नाही. कदाचित आज ती चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा निवांत असतील.

शनिवारी मी गाडी काढून गावी गेलो. मुलाला सांगितलं होतं, दोन दिवस थांब. त्याने अंगठा दाखवला होता, पण त्या अंगठ्यात वैताग होता. त्याच्याकडे अजून तीन वाड्यांचे कागद होते.

रात्री जेवणाआधी बॅटरी घेऊन खालच्या मळ्यात उतरलो. बत्तीचा सूं आवाज नाही, त्यामुळे बेडूक जास्तच मोठ्याने ओरडताहेत असं वाटलं. चपला हातात घेतल्या, तर चिखल बोटांच्या फटीतून तसाच वर आला, थंड आणि लोण्यासारखा. काकांनी शिकवलं होतं की बिळाच्या तोंडाशी मातीच्या ताज्या ओल्या गोळ्या असतील तर मालक घरात. कडा गुळगुळीत आणि कोळिष्टक असेल तर घर रिकामं. आमच्या तीन खाचरांच्या बांधावर मी अकरा बिळं मोजली. ताजी माती चार ठिकाणी. एका बिळाच्या तोंडाशी उजेड गेला तेव्हा दोन डोळ्यांचे दांडे दिसले, जराशी नांगी, आणि तळाशी पाणी हलल्याचा बारीक डुबुक आवाज. मी हात घातला नाही. खरं सांगायचं तर धाडस झालं नाही. कोपरापर्यंत हात घालून काढायला जो विश्वास लागतो तो माझ्या हातात राहिलेला नाही.

बांधावर उभं राहूनच मुलाला लिहिलं : ‘अकरा बिळं, चार चालू. शनिवार रात्र, तीन खाचरं. असंच टाक.’ रेंज यायला वेळ लागला. मग त्याचं उत्तर आलं : ‘दादा, चार म्हणजे मुबलक की दुर्मिळ?’

घरी आलो तेव्हा काकी चुलीसमोर भाकरी थापत होती. पाय धुतले नव्हते म्हणून मी पडवीतच थांबलो. तिने मागे न बघता विचारलं, ‘किती गावली?’

‘पकडली नाहीत काकी. मोजली.’

भाकरी तव्यावर पडली, तिने वरून पाणी फिरवलं.

‘मोजून काय कालवन होता?’